शून्याचं टोक

३ जून

ती. मामा,

“कोपरा सोडू नका,” असं साहेब पलीकडून ओरडले तेव्हा माझ्या मानेवर पाल पडली होती. मी कोपरा सोडला नाही. टेपचं टोक भिंतीला दाबून तशीच उभी राहिले. पाल खांद्यावरून उतरली आणि कपाटामागे गेली. साहेबांनी आकडा वाचला, स्वतःशीच, आणि टेप ओढून घेतला. टोक माझ्या बोटांतून सुटून सरसरत त्यांच्याकडे गेलं. “पुढची खोली,” ते म्हणाले.

रोज हेच. मामीनं फोनवर विचारलं, घरांच्या किमती ठरवायला शिकलीस का. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि मामीला सांगितलं की गल्लीला कळतं, म्हणून लिहिते आहे. शिकले नाही. मी टेप धरते. टेपच्या एका टोकाला शून्य असतं, तिथे मी. दुसऱ्या टोकाला आकडा असतो, तिथे साहेब. सगळ्या खोल्यांची मापं घ्यायची, त्यात भिंतींची जाडी मिळवायची, की घराची बाहेरची लांबी यायला हवी. आली की साहेब म्हणतात, “घर जुळलं.” तेवढं एक वाक्य दिवसभरात माझ्या कानावर पडतं. किंमत कशी काढतात ते विचारलं तर म्हणतात, “आधी कोपरे.”

वर्गातले धडे झाले, लेखी परीक्षा झाली, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे सगळं सरळ होतं. पुढे परवाना हवा तर अनुभव हवा. अनुभव हवा तर परवाना असलेल्या माणसानं आपल्याला बरोबर न्यायला हवं. आणि परवाना असलेलं कोणी शिकाऊ माणसाला दारात उभं करत नाही. बँका म्हणतात, अहवालावर शिकाऊचं नाव नको. परवानावाले म्हणतात, शिकवली की उद्या समोरच पाटी लावेल. एकानं मला चहा पाजला आणि सांगितलं, “बाई, आधी थोडा अनुभव घेऊन या.” मी चहा संपवून विचारलं, कुठून आणू. ते हसले. मला वाटलं उत्तर येईल, म्हणून थोडा वेळ बसून राहिले.

हे साहेब एकटेच हो म्हणाले. मान वर न करता.

पण प्रत्येक अहवालाच्या शेवटी त्यांना आपल्या अक्षरात, शपथेवर, लिहावं लागतं की शिकाऊनं काय केलं, आणि त्याच्याविना काम अडलं असतं का. परवाना मंडळ तेवढंच बघतं. साहेब दर वेळी एकच लिहितात. ‘टेपचं दुसरं टोक धरलं. त्यांच्याशिवाय मोजमाप झालं नसतं.’ शाळेच्या ऑफिसातली नोकरी मी यासाठी सोडली का? डिसेंबरअखेर माझा शिकाऊ परवाना संपतो. तोवर पुरेशी घरं झाली नाहीत तर सगळं पहिल्यापासून.

आणि गंमत म्हणजे, आता टेप कोणीच वापरत नाही. सगळ्यांकडे लेझरचं यंत्र आहे, मुठीएवढं. एका भिंतीशी धरायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो, बटण दाबलं की आकडा. एकट्यानं होतं. आमच्या टेपची मूठ मोडली आहे, ती दोऱ्यानं बांधली आहे. साहेबांचे गुडघे वाकत नाहीत. तरी टेप.

शिवणकाम शिकताना तुम्ही कात्री कधी हातात घेतलीत? तोवर वस्ताद तुम्हाला काय करायला लावायचे?

तुमची,
टाचणी

•

११ जून

चि. टाचणी, अनेक आशीर्वाद.

हा कापायचा कागद आहे. मागच्या बाजूला कोणाची तरी बाही आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

वस्ताद मला काज करायला बसवायचे. नुसते काज. गिऱ्हाइकाचं तोंड मी बघितलं नाही, फक्त त्याच्या गुंड्यांची बाजू बघितली. कात्री मागितली की म्हणायचे, “कापड तुझ्या बापाचं आहे का?” एकदा ते जेवायला गेले तेव्हा मी कात्री घेतली आणि एक पायजमा कापला. एक पाय आखूड झाला. वस्ताद आले, पायजमा बघितला, आणि म्हणाले, “आता याच मापाचं गिऱ्हाईक शोधून आण.” तेव्हा मला फार लागलं होतं. आता हसू येतं. यातून तू काय घ्यायचं ते मला सांगता येणार नाही.

पण तुझं वेगळं आहे. मला वाटतं तुझा साहेब चिकट आहे. दोऱ्यानं बांधलेली मूठ म्हणजे काय ते मला कळतं, मीही मशीनचा पट्टा दोऱ्यानं बांधून वर्ष काढलं आहे. त्याला यंत्र घ्यायचं आहे पण हात खिशात जात नाही. म्हणून तुला खुंटीसारखं भिंतीला लावून ठेवतो. यंत्र आलं की तू मोकळी होशील. मोकळ्या माणसाला काहीतरी शिकवावंच लागतं, नुसतं उभं किती करणार?

तर मी हार्डवेअरवाल्याकडे जाऊन ते यंत्र घेतलं. त्यानं दुकानातल्या दुकानात ठिपका पाडून दाखवला. चांगलं आहे. या पत्राबरोबर पाठवतो आहे. साहेबांना दे, मामांकडून म्हण. चांगल्या शब्दांत दे.

मामी म्हणते, “तुम्ही मोठे आलात साहेबांना शिकवणारे.” तिला नाहीतरी मी पाठवलेलं काही पटत नाही.

तुझा,
मामा

•

२४ जून

ती. मामा,

यंत्र मिळालं. साहेबांना दिलं. जसं झालं तसं लिहिते, मला त्याचा अर्थ लागत नाही.

सकाळी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, मामांनी पाठवलं, तुमच्यासाठी. त्यांनी यंत्र बाहेर काढलं आणि वजन बघतात तसं हातात धरलं. मग विचारलं, “हे कसं चालतं तुम्हाला माहीत आहे?”

मी हो म्हटलं. खुशीत म्हटलं. “याला दोन माणसं लागत नाहीत, साहेब.”

“नाही लागत,” ते म्हणाले.

टेप ऑफिसातल्या खुंटीवरच राहिला. नदीकडचं एक बैठं घर होतं. साहेब खोल्यांतून चालत गेले. ठिपका, बटण. ठिपका, बटण. त्यांचं बोट न बघता बटणावर जात होतं, जसं तुमचं मशीनच्या चाकावर जातं. कधी नव्हे इतके भराभर चालत होते. मी मागच्या खोलीपर्यंत त्यांच्या मागे मागे गेले. तिथे एका भिंतीला भरून पडदा होता, त्यावर त्यांनी ठिपका टाकला आणि वळले, तेव्हा मी त्यांच्या वाटेतच होते. “जरा,” ते म्हणाले. मी बाजूला झाले. मग मागे जायचं काही कारण उरलं नाही, म्हणून बाहेर फाटकाशी जाऊन उभी राहिले. हात कुठे ठेवायचे ते कळेना.

घरातल्या बाईनं पाणी आणून दिलं. म्हणाली, “तुम्ही पण मोजणाऱ्याच का?”

मी म्हटलं, त्यांच्याबरोबर आहे.

“मग उन्हात का उभ्या?” ती म्हणाली. मी पेला रिकामा करून परत दिला.

ऑफिसात साहेबांनी यंत्र डबीत घातलं आणि डबी माझ्याकडे सरकवली. “मामांना परत करा. शिकाऊ माणसाकडून मला काही घेता येत नाही.” मग अहवालाच्या शेवटी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. ‘या कामात शिकाऊंची गरज पडली नाही.’ आवाज चढवला नाही. पेनाचं टोपण लावलं.

त्यानंतर त्यांनी मला कुठे नेलेलं नाही. मी रोज जाते. “आज तुमचं काही नाही,” असं म्हणतात आणि हात मोकळे ठेवून बाहेर पडतात. टेप खुंटीला आहे. मी ऑफिस झाडते. कोणी सांगितलेलं नाही.

भेट दिली याचा राग आला का? पण मग ती परत देऊन राग जायला हवा. यंत्र चालवता येत नाही म्हणावं तर चालवत होते. की मला काढायला त्यांना काहीतरी कारण हवं होतं, आणि ते मीच डबीत घालून दिलं? मला खरंच कळत नाही, मामा. एखादं घर जुळत नाही तेव्हा निदान कुठली खोली चुकली ते शोधता येतं.

टाचणी

•

१ जुलै

चि. टाचणी,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काढलंत ना पोरीचं वाटोळं?” दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, “गरज पडली नाही.”

मी चांगल्या मनानं केलं. पण चांगल्या मनानं कापलेला पायजमाही आखूड होतो, हे मला माहीत असायला हवं होतं.

तर मी तुझ्या साहेबांना पत्र टाकलं आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, मग मला तुझ्या शब्दाबाहेर जावं लागलं असतं. त्यात वाईट काही लिहिलं नाही. एवढंच विचारलं, की माझी भाची तुमच्याकडे धंदा शिकायला आली आहे की खुंटी सांभाळायला. आणि यंत्राचा दोष असेल तर तो माझा, तिचा नाही.

तू रोज जात राहा. आपण होऊन जाणं बंद करू नकोस. काढायचं असेल तर त्याला तोंडानं काढू दे.

मामा

•

९ जुलै

महोदय,

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. खुंटीबद्दलचं वाक्य वाचलं.

आपण पाठवलेलं यंत्र चांगलं आहे. तसंच एक माझ्याकडे बरीच वर्षं आहे. आपली भाची येण्याआधी मी तेच वापरत होतो. ती रुजू झाली त्या दिवशी ते टेबलाच्या खणात ठेवलं आणि माळ्यावरून टेप काढला.

कारण असं. मंडळ विचारतं, शिकाऊविना काम अडलं असतं का. बहुतेक कार्यालयांत याचं उत्तर न वाचता लिहितात. मला तसं लिहिता येत नाही. तिच्याआधी माझ्याकडे दोन शिकाऊ होते. यंत्र माझ्या हातात असे आणि ते माझ्या मागे असत. काम अडलं नसतं, म्हणून तसं लिहिलं. दोघांना परवाना मिळाला नाही. त्यातला एक आता भांड्यांच्या दुकानात असतो. भेटला की नमस्कार करतो.

टेपला दोन माणसं लागतात. टेप घेतला की ते वाक्य खरं होतं. एवढाच विचार होता.

त्या दिवशी ती म्हणाली, याला दोन माणसं लागत नाहीत. बरोबर म्हणाली. पण ते तिच्या तोंडून आल्यावर टेप घेऊन जाणं हे नाटक होतं, आणि शपथ मला घ्यायची असते. आधीही ते नाटकच नव्हतं का, असं आपण विचाराल. मीही विचारतो. मला एकट्याला ठाऊक असणं आणि दोघांना ठाऊक असणं, यात फरक आहे असं वाटतं. कोणता, ते सांगता येत नाही. गेले काही दिवस टेपकडे बघतो, खणातलं यंत्र खिशात घालतो आणि एकटाच बाहेर पडतो.

हे तिला सांगू नये. सांगितलं तर माझ्या अडचणीत ती भागीदार होईल, आणि मग मला काहीच लिहिता येणार नाही.

ती कोपरा सोडत नाही. हे शिकवावं लागलं नाही.

आपला,
(सही)

•

१४ जुलै

चि. टाचणी,

साहेबांचं उत्तर आलं. त्यात काही विशेष नाही.

तुझा साहेब चिकट नाही, एवढं लिहितो. कशावरून ते विचारू नकोस. आधी जे लिहिलं होतं ते उसवलं असं समज. यंत्र तुझ्याकडेच राहू दे. त्यांच्यासमोर काढू नकोस. त्याच्याबद्दल बोलूही नकोस. टेपबद्दलही बोलू नकोस. तू बोलू नकोसच.

आता हे वाचून तू म्हणशील, मामांना काय झालं. मलाही तेच वाटतं. तो माणूस बरोबर आहे की चूक, हे ठरवायला बसलो तर एक शिवण घालेपर्यंत बरोबर वाटतो आणि दोरा तोडला की चूक वाटतो. मामीला सगळं सांगितलं. तिनं उठून चहा केला.

दुसरं काहीतरी लिहितो. परवा एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या मुलानं फोटोवरून मापं काढून आणली होती, संगणकावर. आकडे अगदी बरोबर. सदरा शिवला तर एका बाजूनं ओढायला लागला. मी त्याच्या मागे उभा राहिलो आणि टेप लावायला खांद्यावर हात ठेवला, तर एक खांदा उतरलेला. फोटो काढताना माणूस ताठ उभा राहतो. मागून हात लावल्यावर तो ताठ राहत नाही. सदरा उसवून दिला. हे तुला का सांगतोय ते मला माहीत नाही. मामी म्हणते, लिहा काहीतरी, कागद रिकामा जायला नको.

तू जात राहा.

मामा

•

२ ऑगस्ट

ती. मामा,

नदीकडच्या त्या घराचा अहवाल बँकेतून परत आला. खोल्यांची बेरीज घराच्या लांबीशी जुळत नव्हती. त्या दिवशी साहेब “घर जुळलं” म्हणालेच नव्हते. साहेब सकाळपासून तो कागद घेऊन बसले होते. एकदा उलटाही करून बघितला, जणू राहिलेली खोली मागच्या बाजूला असावी. मी झाडत होते.

“हातभर घर कमी पडतंय,” ते म्हणाले. मला नव्हे, कागदाला.

तुम्ही ‘बोलू नकोस’ असं लिहिलं होतं. पण मला तो पडदा आठवत होता, आणि का कोण जाणे, तुमच्या त्या गिऱ्हाइकाचा खांदा. मी केरसुणी हातात घेऊनच म्हटलं, “मागच्या खोलीत ठिपका पडद्यावर पडला. पडद्यामागे कपाट असेल.”

“मी बघितलं नाही,” साहेब म्हणाले. मग कागद खाली ठेवून, “तुम्ही बघितलंत?”

“नाही. मी बाजूला झाले. टेप असता तर मला जावंच लागलं असतं. टोक भिंतीला लागल्याशिवाय मी सोडत नाही.”

त्यांनी चष्मा काढला. “पुन्हा म्हणा.”

मी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते मलाच वेगळं वाटलं. साहेब उठले आणि खुंटीवरून टेप काढला.

पडद्यामागे कपाटच होतं, भिंतीपासून थोडं सुटलेलं. साहेब तिथे शिरूच शकले नसते. मी अंग तिरकं करून आत गेले. ओल्या पोत्यासारखा वास येत होता. टोक दाबायला खाली भिंत चाचपली, तर जमिनीपाशी भिंत नव्हतीच. बोट आत गेलं.

“साहेब, इथे भिंत जमिनीपासून सुटली आहे.”

“किती?”

“पेरभर.”

“कुठपर्यंत?”

“कपाट आहे तिथपर्यंत. पुढे हात पोचत नाही.”

घरातली बाई दारात उभी होती. फाटकाशी मला पाणी दिलं होतं तीच. म्हणाली, “ताई, ते आत्ताचं नाही. पहिल्यापासून आहे. कर्ज झालं की पहिलं तेच करणार आहोत.” मी कपाटामागून बाहेर आले तर माझ्या बाहीला लागलेला चुना तिनं झटकला. मग हळूच विचारलं, “हे लिहिणार का?”

मी साहेबांकडे बघितलं.

“माझ्याकडे बघू नका,” ते म्हणाले. “कोणी बघितलंय?”

“मी.”

“मग तुम्ही सांगा.”

मी तिला सांगितलं, लिहावं लागेल. तिनं पडदा ओढून होता तसा सारखा केला, कडा जमिनीला टेकेपर्यंत. आम्ही मापं पुन्हा घेतली. घर जुळलं. साहेबांनी ते तोंडानं म्हटलं नाही.

ऑफिसात त्यांनी मला शेजारी बसवलं. ती फट दुरुस्त करायला काय काय उघडावं लागेल, तसंच घर फट नसताना आणि असताना घेणारा माणूस काय विचार करेल, हे मला विचारलं. मी चुकीचं सांगितलं की नुसतं “पुढे” म्हणायचे. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना फार वेळ लागला. वाचून दाखवलं नाही, पण कागद झाकलाही नाही. ‘कपाटामागे गेल्या. त्यांच्याशिवाय हे कळलं नसतं.’

मला आनंद व्हायला हवा. हेच तर हवं होतं. पण ते वाक्य वाचताना मला पडद्याची कडा दिसते. तिच्या घराची किंमत आता माझ्यामुळे कमी होईल. की भिंतीमुळे होईल, मी फक्त हात लावला? हे साहेबांना विचारलं तर म्हणाले, “तेही येईल.” काय येईल ते विचारायचं राहून गेलं.

त्यांचा राग कसला होता आणि तो गेला का, हे अजून मला माहीत नाही. जुन्या माणसांना यंत्रं आवडत नाहीत, तसं असेल. तुम्हाला त्यांनी काय लिहिलं ते तुम्ही सांगत नाही. तुमचं ‘काही विशेष नाही’ मला लहानपणापासून माहीत आहे. इंजेक्शनच्या आधी हेच म्हणायचात.

डिसेंबरपर्यंत पुरेशी घरं होतील का, सांगता येत नाही. यंत्र कपड्यांच्या खणात आहे. आज घरी आल्यावर काढून माझ्याच खोलीत ठिपका टाकून बघितला. आकडा लगेच येतो. मग जाऊन कोपऱ्यात हात लावून आले.

मामीला नमस्कार.

टाचणी

३ ऑगस्ट. पाकीट बंद करायचं राहिलं होतं, म्हणून. आज सकाळी नव्या घराच्या दारात साहेबांनी टेप माझ्या हातात दिला, दोऱ्यानं बांधलेल्या मुठीची बाजू. शून्याचं टोक घेऊन ते स्वतः कोपऱ्यात गेले आणि भिंतीला धरून हळूहळू वाकले. मी आकडा वाचला. “मोठ्यानं,” ते तिकडून म्हणाले. मी मोठ्यानं वाचला.